पेटीतला इतिहास

दरवर्षी आपल्या मंडळाची स्मरणिका निघते तेव्हा मी एखादा पदार्थ किंवा फार तर गौरीची दोन गाणी लिहून देते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही इथल्या जुन्या. या वेळी काही इतिहासाचे लिहा." मी पडले सातवी शिकलेली बाई. इतिहास म्हटला की मला सनावळ्या आठवतात, आणि त्या चुकल्या की हातावर बसणारी छडीही आठवते. पण विचार करता करता ध्यानात आले की इतिहासाचा एक गठ्ठा मी स्वतःच्या हाताने चुलीत घातलेला आहे. तेव्हा इतिहासावर लिहिण्याचा मला अधिकार असो वा नसो, त्या गठ्ठ्याचे कर्ज माझ्यावर आहे. म्हणून हा प्रपंच.

आपल्यापैकी पुष्कळजणी सेक्टरमधल्या इमारतींत गेल्या काही वर्षांत राहायला आल्या, त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगते. आमचे घर जुन्या उलवे गावात होते. विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, कोपर, चिंचपाडा ही त्यांतलीच. टेकडी सुरुंग लावून फोडली, नदीचे पात्र वळवले, आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. आता डोक्यावरून विमाने जातात. आम्ही 2018 साली घर सोडले. गाव सोडताना ज्याने त्याने जमेल ते बरोबर घेतले. कोणी देव्हाऱ्यातले टाक घेतले, कोणी पाटा-वरवंटा, आणि शेजारच्या काकींनी तर दाराची उंबरठ्यासकट चौकट काढून आणली. आमच्या माळ्यावरून नानांची पत्र्याची ट्रंक निघाली.

नाना म्हणजे माझे चुलतसासरे. ते मुंबईत गिरणीत होते. त्यांनी लग्न केले नाही. लालबागला चाळीतल्या एका खोलीत ते राहत आणि त्यांच्याबरोबर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहत, त्यांना आमच्या घरी सगळे अण्णा म्हणत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तेव्हा नाना गावी आले ते कायमचेच. अण्णा मुंबईतच राहिले आणि कुठेशी पहारेकरी म्हणून लागले. त्यानंतर कितीतरी वर्षे आठवड्याला एक पत्र येई आणि एक जाई. नाना 2009 साली गेले. दहाव्याला अण्णा आले होते. पिंडाला कावळा शिवेना, म्हणून घरातल्या एकेकाने पुढे होऊन काही ना काही कबूल केले. अण्णा एका बाजूला दगडावर बसून होते. त्यांना पुढे या असे कोणी म्हटले नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

त्या ट्रंकेत सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे होते, गिरणीचा बिल्ला होता, तंबाखूची डबी होती आणि स्टुडिओत काढलेले एक छायाचित्र होते. एक तरुण खुर्चीवर बसलेला, दुसरा मागे उभा, त्याचा हात पहिल्याच्या खांद्यावर, आणि दोघांच्या अंगात एकाच ताग्यातल्या कापडाचे सदरे. सासूबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "लोकांच्या हाती लागायला नको. चुलीत घाल." मी दोन संध्याकाळी अंघोळीचे पाणी त्या पत्रांवर तापवले. एकही ओळ वाचली नाही. छायाचित्र जाळायला हात धजावला नाही, आणि डबी सुया ठेवायला बरी म्हणून ठेवून घेतली. तेव्हा मला वाटले, घराची अब्रू राखली.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास तो कोठला? एका घरातले कागद जळले, इतकेच. मलाही तसेच वाटत होते. पुढे माझी भाची कॉलेजात इतिहास शिकू लागली. तिने मला काही पुस्तके आणून दिली, काही वाचून दाखवली. त्यातून जे समजले ते माझ्या अल्पमतीप्रमाणे पुढे मांडते.

आपल्या महाराष्ट्राचा इतिहास कसा जमला, ते आधी पाहू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. कोणाच्या वाड्याच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात, कोठे वाण्याच्या रद्दीत जुने कागद पडलेले असत. ते त्यांनी मागून, विनवून, प्रसंगी भांडून मिळवले. 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचे खंड निघू लागले, ते एकंदर 22 झाले. 1910 साली त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. म्हणजे ज्याला आपण इतिहास म्हणतो, तो कोणा ना कोणा घराने पेटीत जपून ठेवलेला होता. नातवाला आजोबांचा अभिमान होता, म्हणून कागद राहिले.

बायकांच्या बाबतीत हा अभिमान कमी पडला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापले. पुढे ते लोकांच्या स्मरणातून गेले. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा छापले तेव्हा आपल्याला कळले की आपल्या पणजीच्या काळी एक बाई इतके रोखठोक लिहून गेली होती. मधली 93 वर्षे त्या पुस्तकाची एखादी प्रत कोठेतरी शिल्लक राहिली, म्हणून हे घडले. अशा बायकांच्या आठवणी, आवाज आणि छायाचित्रे सांभाळण्यासाठी 1988 साली मुंबईत 'स्पॅरो' नावाची संस्था निघाली. लेखिका सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ती काढली. दहिसरला तिचा संग्रह आहे.

आता ज्यांच्याविषयी मला सांगावयाचे आहे त्यांच्याकडे येते. काही पुरुषांचा जीव पुरुषावर जडतो, काही बायकांचा बाईवर. त्यांना समलिंगी म्हणतात. कोणी पुरुषाच्या देहाने जन्मतात आणि मनाने बाई असतात, कोणाचे याच्या उलट असते. त्यांच्यापैकी कित्येकांना आपण तृतीयपंथी म्हणतो. या सगळ्यांना मिळून हल्ली एलजीबीटी असे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे. ही माणसे काही नव्याने उपजलेली नाहीत. पण त्यांचा इतिहास शोधावयास जावे तर अडचण अशी की, इतरांचे कागद घरच्यांनी जपले आणि यांचे कागद घरच्यांनीच नाहीसे केले.

मग यांच्याविषयी राहिले काय? जे दुसऱ्यांनी लिहून ठेवले, ते. मराठेशाहीत काही ठिकाणी हिजड्यांना गावातून दान मागण्याचा हक्क असे, तो गुरूकडून चेल्याकडे चालत येई आणि त्याच्या सनदाही असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांच्या मुंबई सरकारने हे हक्क मान्य करण्याचे सोडले. त्या वेळच्या वादाची कागदपत्रे सरकारी दप्तरात राहिली, म्हणून हा हक्क होता हे आज कळते. 1860 साली दंडसंहिता झाली, तिच्यातल्या 377 व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरले. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नावे व राहण्याची ठिकाणे नोंदवहीत लिहावी आणि त्यांच्या मालमत्तेची माहिती घ्यावी, असे होते. उत्तर हिंदुस्थानात त्याचा अंमल जास्त झाला. म्हणजे पाहा, ज्यांची नावे घरच्या वंशावळीतून गळली, त्यांची नावे सरकारी नोंदवहीत मात्र नीट लिहिली गेली. कोणी आपले नाव फक्त चोराच्या यादीत जपून ठेवले, तर त्याला आपण जतन म्हणू का?

याचे एक अगदी आपल्या मराठीतले उदाहरण आहे आणि ते सांगताना जीव हळहळतो. डॉ. रामचंद्र सिरस हे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठीचे प्राध्यापक होते. इतक्या दूर उत्तरेत राहून त्यांनी मराठी कविता लिहिल्या. 'पाया खालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला 2002 साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरा घेऊन माणसे घुसली आणि एका पुरुषाबरोबर असताना त्यांचे चित्रण केले. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. त्यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली आणि एप्रिलच्या आरंभी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 7 एप्रिलला, ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. पुढे 2016 साली त्यांच्यावर 'अलीगढ' नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात मनोज बाजपेयी यांनी त्यांची भूमिका केली.

या माणसाच्या आयुष्याच्या दोन नोंदी झाल्या. एक नोंद परक्यांनी चोरून घेतली. दुसरी त्यांनी स्वतः, आपल्या भाषेत, आपल्या नावाने छापून ठेवली. बोभाटा झाला तो पहिलीचा. माझे म्हणणे एवढेच की जपावयाची ती दुसरी. माणसाने आपल्या हाताने जे लिहिले, आपल्या इच्छेने जे ठेवले, तेच त्याच्या आयुष्याचे खरे साधन होय.

आपण होऊन नोंद ठेवण्याचे काम या लोकांनी पुढे स्वतःच हाती घेतले. त्याची थोडी हकीकत देते. गणिती शकुंतलादेवी तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यांनी 1977 साली समलिंगी लोकांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले होते. आकड्यांचे चमत्कार करणाऱ्या शकुंतलादेवी सर्वांना आठवतात, त्या पुस्तकाची मात्र फारशी कोणी दखल घेतली नाही. 1990 साली मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले. सुरुवातीला ते तपकिरी कागदात गुंडाळून विकले जाई. 2002 साली ते बंद पडले आणि 2009 साली पुन्हा निघाले. ज्या अंकांना तेव्हा कागदात गुंडाळावे लागे, तेच आज अभ्यास करणारे शोधत येतात. 1994 साली मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' निघाला. 2002 साली पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक ट्रस्ट' स्थापला आणि या विषयावर मराठीतून पुस्तके लिहिली. हे मला फार मोलाचे वाटते, कारण आमच्यासारख्यांना इंग्रजी कोठले वाचता येते? श्रीधर रंगायन यांनी 'प्रोजेक्ट बोलो' या नावाने अनेकांच्या मुलाखती चित्रित करून ठेवल्या, म्हणजे माणूस गेला तरी त्याचा आवाज राहील.

बायकांची हकीकत आणखी झाकलेली असते, कारण दोन बाया एकत्र राहिल्या तर लोक मैत्रिणी म्हणून सोडून देतात. 1987 साली मध्य प्रदेशात दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केले आणि त्यासाठी दोघींची नोकरी गेली. त्यांचे एक छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून आले होते. खेड्यापाड्यांतल्या ज्या बायकांना आपण जगात एकट्याच आहोत असे वाटत होते, त्यांच्या हाती ते कात्रण पडले असेल तर त्यांना काय वाटले असेल, याची आपण कल्पना करावी. 1995 साली मुंबईत 'स्त्री संगम' नावाचा अशा स्त्रियांचा गट सुरू झाला आणि त्यांनी आपले स्वतःचे लिखाण छापून काढले. मराठी रंगभूमीवर तर त्याआधीच, 1981 साली, विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक आले होते. त्यातल्या नायिकेचा जीव एका मुलीवर जडलेला असतो आणि ते काम रोहिणी हट्टंगडी यांनी केले होते.

तृतीयपंथीयांची रीत आणखी निराळी. त्यांच्यात घराणी असतात. भेंडीबाजार, पूना, लखनौ अशी त्यांची नावे. गुरू, त्या गुरूची गुरू, असे तोंडपाठ सांगतात. आपल्याकडे भाट वंशावळ सांगत, तसेच ते होय. ज्यांना जन्माच्या घराने नाव दिले नाही, त्यांनी घेतलेल्या घराची वंशावळ पाठ करून ठेवली. 2012 साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन मराठीत आले. वैशाली रोडे यांनी ते शब्दबद्ध केले. लक्ष्मी आपल्या शेजारच्या ठाण्याच्या. ज्या शब्दाने लोक शिवी देतात तोच शब्द त्यांनी पुस्तकाच्या कपाळावर लिहिला.

परदेशातल्या तीन गोष्टी भाचीने सांगितल्या, त्या मला विसरता येत नाहीत. पहिली आगीची. बर्लिन शहरात डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी 1919 साली या विषयाची एक संस्था काढली होती आणि तिचे मोठे ग्रंथालय होते. मे 1933 मध्ये हिटलरच्या माणसांनी ते लुटले आणि 10 मे रोजी भर चौकात हजारो पुस्तकांची होळी केली. ते ऐकताना मला आमची चूल आठवली. हिटलरचे नाव घेतले की आपण राक्षस म्हणून मोकळे होतो. पण कागद जाळायला राक्षसच लागतो असे नाही, घरातली सून पुरते.

दुसरी गोष्ट कोठीच्या खोलीची. न्यूयॉर्कमध्ये 1974 साली काही बायकांनी समलिंगी स्त्रियांच्या पत्रांचा, रोजनिशींचा आणि छायाचित्रांचा संग्रह करावयास घेतला. जागा नव्हती, म्हणून त्यांच्यातल्या जोन नेसल यांच्या घरातल्या, धान्यसामान ठेवायच्या खोलीत तो ठेवला. डाळी-पिठाच्या जागी बायकांच्या आठवणी! पुढे 1993 साली त्या संग्रहाला ब्रुकलिन भागात स्वतःचे घर मिळाले. तिसरी गोष्ट गोधडीची. अमेरिकेत एड्सच्या साथीत असंख्य तरुण गेले. कित्येकांचे नाव घ्यायलाही घरचे तयार नव्हते. तेव्हा मित्रांनी आणि कित्येक ठिकाणी आयांनीही, प्रत्येकाच्या नावाचा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असा कापडाचा तुकडा शिवला. कोणाच्या तुकड्यात त्याचा सदरा, कोणाच्या तुकड्यात त्याचे पदक. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर असे 1,920 तुकडे एकत्र अंथरले. आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरून झोपलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या देशातही आता या कामासाठी जागा झाली आहे. बेंगळुरूला राष्ट्रीय विधि विद्यापीठात 'कामरा' नावाचा संग्रह आहे. कोर्टाचे कागद, चित्रफिती, कात्रणे आणि लोकांनी दिलेल्या वस्तू तेथे जपल्या जातात. कोर्टाचे कागद का, तर कायद्याची लढाईही मोठी झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत असा निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी तो फिरवला, आणि त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 6 सप्टेंबर 2018 रोजी गुन्हा नाही असे कायमचे सांगितले. त्याआधी 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांना त्यांची ओळख मिळाली होती. लग्नाला मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने मान्यता मिळाली नाही.

या शेवटच्या गोष्टीचा पेट्यांशी फार जवळचा संबंध आहे. आपल्यात नवरा गेला तर बायको वारस, आई गेली तर मुले वारस. या माणसांत जोडीदार तीस वर्षे एका खोलीत राहिला तरी तो मृत्युपत्रावाचून वारस होत नाही. माणूस गेला की खोलीची किल्ली भावाकडे, पुतण्याकडे जाते. त्यांना त्या वस्तूंचा अर्थ ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असून लाज वाटते. ज्याला अर्थ ठाऊक आहे तो दहाव्याला दगडावर बसतो, आणि ज्याला नाही तो ट्रंक उघडतो. अशा रीतीने यांचा इतिहास पिढ्यान् पिढ्या नाहीसा झाला.

आता आमच्या ट्रंकेचे पुढे काय झाले ते सांगते. नोव्हेंबर 2018 मध्ये खारकोपरपर्यंत रेल्वे सुरू झाली. त्यानंतर महिन्याभरात अण्णा त्या गाडीने आमचे नवे घर पाहायला आले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, नानाच्या ट्रंकेत माझी पत्रे असायची."

मी खरे ते सांगितले. खोटे सांगावयाचे सुचले नाही.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारले, "वाचलीस का?"

"नाही, अण्णा."

"म्हणजे नानानंतर कोणीच नाही वाचली," इतके बोलून त्यांनी कप खाली ठेवला. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

मी उठून ते छायाचित्र आणि डबी आणून त्यांच्यापुढे ठेवली. छायाचित्र पुष्कळ वेळ पाहून त्यांनी पेन मागितले, मागच्या बाजूला दोघांची नावे लिहिली, स्टुडिओचे ठिकाण लिहिले आणि 1974 हे साल घातले. डबीतल्या सुया काढू दिल्या नाहीत. "वापरात आहे ते बरे आहे," म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून एक गठ्ठा आणला. नानांनी त्यांना लिहिलेली ती पत्रे होती. "तुमच्या घरचे अक्षर आहे. हे जाळू नको. मी गेल्यावर वाच. कोणाला दाखवावे वाटले तर दाखव, पण नावे सांगू नको." अण्णा 2021 साली गेले. त्यांच्या शब्दाप्रमाणे मी नावे येथे लिहीत नाही.

पत्रे वाचली. तुम्हाला वाटेल त्यात काही लपवण्यासारखे असेल. भात किती झाले, मिठागरात पाणी शिरले, आईचा गुडघा, गणपतीला येशील का, असेच सारे आहे. एका पत्रात खोकल्याला काय औषध घेतलेस म्हणून विचारले आहे. पुढच्या पत्रात पुन्हा खोकला. त्याच्या पुढच्यात आडुळशाचा पाला पाठवल्याचे आहे. अण्णांचा खोकला केव्हा बरा झाला, ते मला कधी कळणार नाही. माझ्याजवळ उत्तरे आहेत. ती ज्या प्रश्नांची आहेत ते मी जाळले.

आणि त्याच गठ्ठ्यात जानेवारी 1984 चे एक पत्र आहे. 16 आणि 17 जानेवारीला आपल्या जमिनींसाठी लोक उठले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, दास्तान फाट्याकडे गोळीबार झाला आणि पाच माणसे हुतात्मा झाली. साडेबारा टक्के जमीन आपल्याला मिळाली ती त्या रक्तातून. त्यानंतर चौथ्या दिवशी नानांनी अण्णांना लिहिले आहे की गावात चुली पेटल्या नाहीत, कोण कोण परत आले, कोणाची वाट पाहत बायका बांधावर उभ्या आहेत. आपल्या गावचा इतका ताजा कागद मी दुसरा पाहिलेला नाही. तो राहिला, कारण एका पुरुषाला तो दुसऱ्या पुरुषाला कळवावासा वाटला आणि त्याने तो 37 वर्षे उशाशी ठेवला. आपण ज्यांना वगळतो, त्यांच्या पेटीत आपलाही इतिहास असतो. जाळताना तो निराळा काढता येत नाही.

नाना-अण्णांना काय म्हणावे, असे भाची मला विचारते. त्यांनी स्वतः काही नाव घेतले नाही, म्हणून मीही देत नाही. जे होते ते ठेवले आहे.

भगिनींनो, घर बदलताना, दिवाळीची साफसफाई करताना पेट्या उघडण्याचे काम आपल्याच हातून होते. काय ठेवायचे आणि काय रद्दीत टाकायचे हे कोणी इतिहासाचार्य ठरवत नाही, आपण ठरवतो. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. न समजणारा कागद त्याच दिवशी टाकू नये, एक वर्ष ठेवावा. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने कोण, कोठे, केव्हा ते लिहावे. चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडून कागद खाते, आणि प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंदही करून घेऊ नये. आपल्याकडे खाडीची दमट हवा, तेव्हा कागद कोरड्या सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच ठेवावेत आणि पावसाळा संपला की सावलीत वारा द्यावा. सगळ्यांत महत्त्वाचे, ज्याची वस्तू आहे तो हयात असेल तर त्याला विचारावे. झाकून ठेव म्हणाला तर झाकून ठेवावे. झाकणे आणि जाळणे यांत फार अंतर आहे. झाकलेले पुढे कधी उघडता येते.

आणि कोणाच्या घरी असे माणूस असेल, भाऊ असेल, मुलगी असेल, तर तिला तिची पेटी कोणाच्या स्वाधीन करावयाची आहे हे आताच विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. दहाव्याच्या दिवशी ते विचारता येत नाही.

नानांची ट्रंक आता आमच्या कपाटावर आहे. तिला नवे कुलूप लावलेले नाही. सासूबाई थकल्या आहेत, पण मध्यंतरी एकदा त्यांनीच ते छायाचित्र मागून घेतले. बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "कापड चांगले होते." मग आपल्या पदराने काच नसलेल्या त्या छायाचित्रावरची धूळ पुसून परत दिले.

लिहिण्यात काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.